लॅपटॉपवरील मुक्तस्रोत फर्मवेअर : बाह्य प्रोग्रामरची कार्यपद्धती आणि यंत्राच्या स्वामित्वाचा प्रश्न

सारांश : संगणक सुरू होताच सर्वप्रथम चालणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ही आज्ञावली बहुतेक लॅपटॉपमध्ये उत्पादक कंपनीची, बंद स्वरूपाची व कुलूपबंद असते. तिच्या जागी कोअरबूट हे मुक्तस्रोत फर्मवेअर बाह्य प्रोग्रामरच्या साहाय्याने कसे बसविले जाते, हे प्रस्तुत लेखात थिंकपॅड एक्स२३० या लॅपटॉपच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे. या प्रक्रियेतील तांत्रिक शिस्त, तिच्या मर्यादा आणि यंत्राच्या स्वामित्वाशी असलेला तिचा संबंध यांचाही विचार लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : फर्मवेअर, मुक्तस्रोत, कोअरबूट, फ्लॅश चिप, बाह्य प्रोग्रामर, बूट गार्ड.

प्रस्तावना

महाविद्यालयीन वर्तुळात मुक्तस्रोत आज्ञावलींची चर्चा होते ती बहुधा लिनक्स, लिबर ऑफिस किंवा एखाद्या ग्रंथालय-प्रणालीपुरती. ऑपरेटिंग सिस्टीम मुक्त झाली म्हणजे संगणक मुक्त झाला, असा समज त्यातून रूढ झाला आहे. वस्तुतः ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकात चालणारी पहिली आज्ञावली नव्हे. बटण दाबल्यानंतर लिनक्स वा विंडोज यांच्या हाती कारभार येण्यापूर्वी काही सेकंद दुसरीच एक आज्ञावली यंत्रावर राज्य करीत असते. स्मृती कोणत्या वेगाने चालवावी, पडदा केव्हा उजळावा, कोणत्या डिस्कवरून प्रारंभ करावा, एवढेच नव्हे तर कोणते सुटे भाग स्वीकारावेत आणि कोणते नाकारावेत, हे तीच ठरविते. ही आज्ञावली बदलण्याचा अधिकार यंत्र विकत घेणाऱ्यास असतो काय, हा या लेखामागील मूळ प्रश्न आहे.

फर्मवेअर : संकल्पना व स्थान

इंटेल परंपरेतील प्रोसेसरला वीज मिळते त्या क्षणी त्याच्या दृष्टीने मुख्य स्मृती अस्तित्वातच नसते, कारण ती अद्याप कार्यान्वित झालेली नसते. प्रोसेसर आपली पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून उचलतो. हा पत्ता ४ गिगाबाइटच्या मर्यादेच्या १६ बाइट खाली असतो. मदरबोर्डवरील एका लहान फ्लॅश चिपचा शेवटचा भाग या पत्त्याशी जोडलेला असतो. म्हणजेच संगणकाचा आरंभ या चिपच्या शेवटच्या १६ बाइटांतून होतो. तेथील आज्ञा प्रोसेसरला फर्मवेअरच्या उर्वरित भागाकडे नेते. फर्मवेअर प्रथम प्रोसेसरमधील कॅशेचाच तात्पुरत्या स्मृतीसारखा उपयोग करते, त्यानंतर खरी स्मृती कार्यान्वित करते, इतर घटकांची मांडणी करते आणि अखेरीस ऑपरेटिंग सिस्टीमला पाचारण करते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील बायोस ही आज्ञावली ८ किलोबाइटची होती. तिची संपूर्ण संहिता कंपनीच्या तांत्रिक संदर्भपुस्तिकेत छापलेली होती. तिचे प्रताधिकार कंपनीकडे राखीव होते. तथापि ती वाचणे कोणासही शक्य होते. पुढे यंत्रे वाढली, उत्पादक वाढले आणि बायोसची संहिता व्यापारी गुपित बनली. वाचता येणारी आज्ञावली केवळ चालविता येणारी झाली.

या स्थितीला छेद देणारा प्रयत्न १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी सुरू केला. अनेक संगणक एकत्र जोडून केलेल्या समूहात प्रत्येक यंत्रापाशी कीबोर्ड व पडदा ठेवणे शक्य नसते. बंद बायोस मात्र एकेका यंत्रासमोर माणूस बसलेला आहे असे गृहीत धरून लिहिलेला होता. या व्यावहारिक अडचणीतून लिनक्सबायोस हा प्रकल्प जन्मास आला. २००८ मध्ये त्याचे नाव कोअरबूट असे झाले. क्रोमबुक प्रकारच्या लॅपटॉपमध्ये गूगलने कोअरबूटचाच आधार घेतला. त्यामुळे हा केवळ हौशी मंडळींचा उद्योग आहे असे मानण्याचे कारण नाही. कोअरबूटवर आधारलेला, सामान्य वापरकर्त्यास सुलभ व्हावा या हेतूने सिद्ध केलेला लिबरबूट हा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला.

लेखन-संरक्षणाचे दुहेरी स्वरूप

बायोस मूळच्या रॉममधून पुसता येण्याजोग्या फ्लॅश चिपमध्ये आला, तेव्हा एक नवा धोका निर्माण झाला. १९९८ मध्ये पसरलेल्या सीआयएच या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी असंख्य संगणकांवर आघात केला. तो डिस्कवरील माहिती नष्ट करीत असेच, शिवाय शक्य तेथे बायोसची चिपही बिघडवीत असे. अशा यंत्राचे बटण दाबूनही काहीच घडत नसे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ईसेट या सुरक्षा-संस्थेने लोजॅक्स नावाची घातक आज्ञावली उघडकीस आणली. ती फर्मवेअरमध्येच ठाण मांडत असल्याने डिस्क बदलूनही किंवा ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवूनही नाहीशी होत नसे.

चालू संगणकातून फर्मवेअरवर लिहिण्यास उत्पादक प्रतिबंध करतात, त्यामागे हे सबळ कारण आहे. मात्र विषाणूला अडविणारे कुलूप यंत्राच्या धन्यालाही अडविते. बाहेरून आलेला हल्लेखोर आणि स्वतःच्या यंत्रावर नवे फर्मवेअर बसवू पाहणारा धनी, हे दोघेही आज्ञावलीच्या मार्गाने आले तर कुलपाला सारखेच दिसतात. दोघांतील भेद दाखविणारी गोष्ट एकच आहे. धन्यापाशी यंत्र प्रत्यक्ष असते. तो स्क्रू काढून चिपला हात लावू शकतो. बाह्य प्रोग्रामरची पद्धत याच भेदावर उभी आहे. ती ऑपरेटिंग सिस्टीमला व प्रोसेसरलाही वगळून थेट चिपशी संवाद साधते. उत्पादकाच्या काही जुन्या फर्मवेअर-आवृत्त्यांतील त्रुटींचा लाभ घेऊन चिप न उघडताही कुलूप काढता येते. परंतु तो मार्ग त्रुटी शिल्लक असेपर्यंतच खुला राहतो, आणि काही बिघडल्यास परतीची वाट देत नाही.

थिंकपॅड एक्स२३० ची रचना

लेनोवो कंपनीचा थिंकपॅड एक्स२३० हा लॅपटॉप २०१२ मध्ये बाजारात आला. त्यात इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीचा प्रोसेसर आहे. या पिढीच्या स्मृतीला कार्यान्वित करणारी मुक्त संहिता कोअरबूटमध्ये उपलब्ध असल्याने हे यंत्र अभ्यासास सोयीचे ठरते. त्यातील एक निर्बंध सर्वपरिचित आहे. यंत्राचे मूळ फर्मवेअर वायफाय कार्डांची एक मान्य यादी बाळगते. यादीबाहेरचे कार्ड बसविल्यास ते तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असले तरी यंत्र १८०२ या क्रमांकाची सूचना दाखवून थांबते. फर्मवेअरवरील नियंत्रण म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

एक्स२३० मध्ये फर्मवेअर दोन चिपांत विभागलेले आहे. एक चिप ८ मेगाबाइटची, दुसरी ४ मेगाबाइटची. प्रोसेसरला मात्र त्या दोन्ही मिळून १२ मेगाबाइटचा एकच सलग प्रदेश दिसतो. या प्रदेशाच्या आरंभी ४ किलोबाइटचा वर्णनविभाग असतो. पुढील विभागांच्या सीमा आणि त्यांवर कोणी लिहावे याचे नियम त्यात नोंदलेले असतात. त्यानंतर ८ किलोबाइटचा नेटवर्कविभाग येतो. यंत्राचा एकमेवाद्वितीय मॅक पत्ता याच विभागात असतो. पुढे ५ मेगाबाइटपर्यंत इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचे फर्मवेअर आणि शेवटचे ७ मेगाबाइट बायोससाठी राखीव असतात. पहिली आज्ञा प्रदेशाच्या अगदी शेवटी असल्याने ती ४ मेगाबाइटच्या चिपमध्ये येते. म्हणूनच कोअरबूटची प्राथमिक स्थापना केवळ ही लहान चिप बदलूनही करता येते.

बाह्य प्रोग्रामर व त्याची जोडणी

बाह्य प्रोग्रामर म्हणजे फ्लॅश चिपशी एसपीआय या क्रमिक पद्धतीने बोलणारे उपकरण. त्यासाठी दुसरा संगणक, फ्लॅशरॉम ही मुक्तस्रोत आज्ञावली, चिपला वरून पकडणारी आठ टोकांची क्लिप आणि काही तारा एवढे साहित्य पुरते. रास्पबेरी पाय हा लहान संगणक प्रोग्रामर म्हणून वापरता येतो, कारण त्याच्या टोकांवरील संकेत ३.३ व्होल्टचे असतात आणि एक्स२३० मधील चिपांचीही तीच गरज असते. सीएच३४१ए ही चिप असलेला स्वस्त प्रोग्रामर बाजारात सहज मिळतो. मात्र त्याच्या प्रचलित काळ्या नमुन्यात वीजपुरवठा ३.३ व्होल्टचा असला तरी माहितीच्या तारांवर ५ व्होल्टचा दाब येतो. तो दुरुस्त केल्याशिवाय वापरणे चिपच्या व मदरबोर्डच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

चिपच्या आठ पायांची कामे पुढीलप्रमाणे असतात : पहिला पाय चिपची निवड करणारा, दुसरा चिपमधून माहिती बाहेर आणणारा, तिसरा लेखन-संरक्षणाचा, चौथा भूसंपर्काचा, पाचवा चिपकडे माहिती नेणारा, सहावा ठोक्याचा, सातवा संवाद थोपवून धरणारा आणि आठवा वीजपुरवठ्याचा. पहिल्या पायाजवळ चिपवर बारीक ठिपका असतो. क्लिप उलटी बसल्यास वीजपुरवठा व भूसंपर्क यांची जागा चुकते. त्यामुळे हा ठिपका भिंगातून पाहून खात्री करणे ही या कामातील पहिली दक्षता होय.

कार्यपद्धती : वाचन, पडताळणी आणि लेखन

प्रथम लॅपटॉपचा विद्युतजोड काढावा व बॅटरी वेगळी करावी. त्यानंतर तळाचे संबंधित स्क्रू काढून कीबोर्ड आणि तळहात टेकण्याचा पुढचा भाग अलग करावा. त्याखाली दोन्ही चिपा दिसतात. ४ मेगाबाइटची चिप पडद्याच्या बाजूस असते. क्लिप बसविताना वा काढताना प्रोग्रामरचा वीजपुरवठा बंद असावा.

या प्रक्रियेला सर्वसाधारणपणे फर्मवेअर लिहिणे म्हटले जात असले तरी तिचा गाभा वाचनात आहे. प्रथम प्रत्येक चिपमधील मूळ मजकूर किमान दोनदा वाचून दोन स्वतंत्र संचिका तयार कराव्यात आणि त्यांची हॅश मूल्ये ताडून पाहावीत. एका बिटाचा फरक असला तरी ही मूल्ये जुळत नाहीत. ती न जुळल्यास क्लिपचा स्पर्श कच्चा आहे, तारा लांब आहेत किंवा वेग अधिक आहे असे समजावे. तारा आखूड कराव्यात, वेग ५१२ किलोहर्ट्झपर्यंत उतरवावा, क्लिप पुन्हा बसवावी आणि वाचन नव्याने करावे. मूल्ये जुळली तरी संचिका उघडून पाहणे इष्ट, कारण संपर्कच नसताना दोन्ही वेळा निव्वळ रिकामा मजकूर वाचला गेला तरीही मूल्ये जुळतातच. जुळलेली मूळ प्रत त्या लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी जतन करावी. मॅक पत्त्यासारखी त्या एकाच यंत्राची माहिती तीत असल्याने दुसऱ्या यंत्राची प्रत तिची जागा घेऊ शकत नाही.

यानंतर दुसऱ्या संगणकावर कोअरबूटची संहिता आणून, यंत्राचा नमुना निवडून ती संकलित करावी लागते. कोअरबूट स्वतः केवळ यंत्रसामग्री सिद्ध करते. पुढील कारभार पेलोड नावाच्या आज्ञावलीकडे सोपविते. जुन्या बायोससारखे वर्तन हवे असल्यास सीबायोस आणि थेट लिनक्सकडे जायचे असल्यास ग्रब हे पेलोड प्रचलित आहेत. तयार झालेल्या १२ मेगाबाइटच्या संचिकेतील शेवटचे ४ मेगाबाइट लहान चिपवर लिहावयाचे असतात.

फ्लॅश चिपमध्ये लेखनापूर्वी पुसणे अपरिहार्य असते. पुसल्यावर सर्व बिट १ होतात आणि लेखन केवळ १ चे ० करू शकते. म्हणून पुसणे झाले पण लेखन पुरे झाले नाही अशी स्थिती सर्वांत नाजूक होय. फ्लॅशरॉम लेखनानंतर चिप पुन्हा वाचून ती संचिकेशी ताडून पाहते. ही पडताळणी यशस्वी झाल्याखेरीज क्लिप काढू नये. पहिल्या प्रारंभाच्या वेळी स्मृतीची जुळणी नव्याने होत असल्याने पडदा काही काळ काळा राहू शकतो. त्यामुळे लगेच बटण दाबून यंत्र बंद करण्याची घाई करू नये.

लेखन फसल्यास यंत्र निर्जीव भासते. परंतु ते कायमचे निकामी झालेले नसते. क्लिप पुन्हा बसवून जतन केलेली मूळ प्रत लिहिली की यंत्र पूर्ववत होते. स्थापनेचे साधन आणि तिचा विमा या दोन्ही भूमिका बाह्य प्रोग्रामर पार पाडतो. हा विमा लागू होण्याची अट मात्र एकच आहे, ती म्हणजे लेखनापूर्वी घेतलेली विश्वसनीय प्रत.

प्राप्त स्वातंत्र्याच्या मर्यादा

कोअरबूट बसविल्यावर एक्स२३० पूर्णतः मुक्त होते असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. मॅनेजमेंट इंजिन हा चिपसेटमधील स्वतंत्र प्रोसेसर असून त्याचे फर्मवेअर इंटेलने स्वाक्षरीबद्ध केलेले असते. ते पूर्णपणे काढून टाकल्यास या पिढीचे यंत्र सुमारे ३० मिनिटांनी आपोआप बंद पडते. २०१६ मध्ये पुढे आलेल्या एमई-क्लीनर या साधनाने त्यातील प्रारंभास अत्यावश्यक तेवढेच भाग ठेवून उर्वरित पुसता येते, परंतु त्यासाठी ८ मेगाबाइटच्या चिपवरही लिहावे लागते. याउलट २००८ च्या थिंकपॅड एक्स२०० या आधीच्या पिढीच्या यंत्रात हे इंजिन संपूर्णपणे वगळता येते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मे २०१७ मध्ये मॅनेजमेंट इंजिनवर चालणाऱ्या इंटेलच्या दूरस्थ व्यवस्थापन सुविधेतील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. परवलीच्या शब्दाच्या पडताळणीस रिकामे उत्तर पाठविले तरी प्रवेश मिळत असे. सुविधा सुरू असलेल्या यंत्रांची दुरुस्ती संबंधित उत्पादकाने नवे फर्मवेअर पुरविण्यावर अवलंबून होती. धन्याला संहिता वाचून ती स्वतः करणे शक्य नव्हते.

प्रोसेसरमधील मायक्रोकोड आणि बॅटरी व कीबोर्ड सांभाळणाऱ्या सहायक नियंत्रकाचे फर्मवेअर हेही बंदच राहतात. मायक्रोकोडच्या सुधारणा नाकारल्यास यंत्र अधिक मुक्त होत नाही, उलट जुन्या दोषांसह चालते, असा युक्तिवाद करीत लिबरबूट प्रकल्पाने २०२२ मध्ये आपले धोरण बदलले आणि अपरिहार्य तेवढे बंद घटक स्वीकारले. मुक्ततेची शुद्धता आणि यंत्राची उपयुक्तता यांतील हा वाद अद्याप मिटलेला नाही.

बूट गार्ड : प्रत्यक्ष ताब्याचा अंत

२०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलने बूट गार्ड ही व्यवस्था आणली. उत्पादक आपल्या सार्वजनिक चावीची खूण चिपसेटमध्ये कायमची कोरून ठेवू शकतो. त्यानंतर प्रोसेसर फर्मवेअरची स्वाक्षरी तपासतो आणि ती न जुळल्यास पुढे जाण्यास नकार देतो. अशा यंत्रात बाह्य प्रोग्रामर चिपवर हवे ते लिहू शकतो. परंतु लिहिलेले चालत नाही. यंत्र हातात असणे हा आतापर्यंत धन्याचा अंतिम पुरावा होता. बूट गार्डने तो रद्द केला आणि तो अधिकार चावी बाळगणाऱ्याकडे सोपविला.

ही चावी सुरक्षित राहतेच असेही नाही. २०२३ मध्ये एमएसआय या उत्पादकाकडील माहितीची चोरी झाली, तेव्हा तिच्या काही यंत्रांच्या बूट गार्ड चाव्याही उघड झाल्या. चिपसेटमध्ये कोरलेली खूण बदलता येत नसल्याने त्या रद्द करण्याचा मार्ग नव्हता. दुसरीकडे, २०२४ च्या अखेरीस थिंकपॅड टी४८० वर लिबरबूट चालू लागले ते मॅनेजमेंट इंजिनमधील २०१७ च्या एका त्रुटीचा उपयोग करून बूट गार्ड ओलांडल्यामुळे. धन्याचा हक्क त्रुटीच्या कृपेवर अवलंबून राहावा, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

महाविद्यालयीन संदर्भ

महाविद्यालयांच्या डेडस्टॉक नोंदवहीत निर्लेखनाची वाट पाहणारे अनेक लॅपटॉप व संगणक असतात. त्यांतील एखाद्या समर्थित यंत्रावर हा प्रयोग केल्यास प्रारंभ-प्रक्रिया, क्रमिक संवाद, स्मृतीची रचना आणि माहितीची पडताळणी हे विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताळता येतात. तथापि यंत्र संस्थेच्या मालकीचे असल्याने लेखी अनुमती आवश्यक आहे, आणि हमी-काळातील वा दैनंदिन वापरातील यंत्रे यातून वगळावीत. डिस्कवर सांकेतिकीकरण असल्यास फर्मवेअर बदलताच ती उघडण्यास नकार देऊ शकते. म्हणून माहितीची स्वतंत्र प्रत व पुनःप्राप्तीची चावी आधीच जवळ असावी. यंत्रे विकत घेण्यापूर्वी त्यांत बूट गार्ड कायमचा लागू आहे काय, हा प्रश्न विचारण्याची प्रथाही खरेदी समित्यांनी पाडावयास हरकत नाही.

निष्कर्ष

बाह्य प्रोग्रामर हे आठ तारांचे साधे साधन आहे. परंतु त्याच्या उपयोगातून संगणकाच्या स्वामित्वाचा अर्थ स्पष्ट होतो. फर्मवेअरला कुलूप असणे गैर नाही. दूरच्या हल्लेखोरास रोखून, यंत्र उघडून बसलेल्या धन्यास वाट देणारे कुलूप सुरक्षिततेचेही असते आणि न्यायाचेही. एक्स२३० सारख्या यंत्रात अशी वाट शिल्लक आहे. बूट गार्ड लागू केलेल्या यंत्रांत ती बंद झाली आहे. या वाटेने जाणाऱ्यावर येणारी जबाबदारीही तितकीच मोठी आहे. जी काळजी पूर्वी उत्पादक घेत असे, ती आता धन्याने घ्यावयाची असते. आणि तिचा आरंभ मूळ मजकूर अचूक वाचून, ताडून, जपून ठेवण्याने होतो.